विचारपूस न करता गेलेली जहाजं

कोंडसुऱ्यासमोरच्या दर्यात तीन जहाजं आणि एक विमान नाहीसं झालं ते आपल्या एका वाक्यामुळे, असं भागोजी तांडेल छाती पुढे काढून सांगत असे. आणि छाती पुढे असतानाच हेही सांगून टाकी, की त्या वाक्याचं शेपूट आपल्याला आठवत नाही, आणि आपल्या शब्दाने घरातलं मांजरही कधी जागेवरून हललेलं नाही.

वाक्य होतं गाऱ्हाण्यातलं. कोंडसुऱ्यात नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडतात. त्याआधी मानकऱ्याने काळ्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, उभं राहून दर्याला गाऱ्हाणं घालायचं. मासळी दे, होड्या सुखरूप आण, वाकड्यात शिरणाऱ्याला सरळ कर, असं एकेक मागायचं. आणि प्रत्येक मागण्याला खाली वाळूत उभ्या असलेल्या गावाने 'होय म्हाराजा' म्हणायचं. मान तांडेलांच्या घरचा. भागोजी गेली एकतीस वर्षं तो चालवत होता. शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथी दोनदा केली म्हणून जरा पक्कं. पण खडपावर चढला की असा बोले की मास्तरांनीसुद्धा मान खाली घालावी.

खोड एकच. दरवर्षी मधेच एखादं चावट मागणं तो घुसडून देई. एका वर्षी पोस्टमास्तरांच्या नव्या कवळीत बांगड्याचा काटा अडकू दे म्हणाला. एका वर्षी सरपंचांचं भाषण रंगात आलं की कर्णा बंद पडू दे म्हणाला. गाव त्यालाही 'होय म्हाराजा' म्हणून मोकळं होई, कारण दहाबारा मागण्यांनंतर तोंड आपसूक चालू राहतं आणि कान सुट्टीवर जातात. दर्यानेही यातलं काही मनावर घेतलं नव्हतं.

या वर्षी घेतलं.

या वर्षी भागोजीचा राग मोठ्या जहाजांवर होता. कोंडसुऱ्याची रीत अशी, की कोणाच्या खळ्यासमोरून, म्हणजे अंगणासमोरून, जायचं तर हाक मारायची, 'काय, बरां मा?' समोरच्याने म्हणायचं, 'बरां.' खरोखर बरं असलंच पाहिजे असं काही नाही. ताप असला तरी 'बरां' म्हणतात. पण खळ्यासमोरून मुकाट जाणारा माणूस एक तर सुतकात असतो, नाहीतर भांडलेला. आणि ही जहाजं वर्षानुवर्षं समोरून जात होती, डोक्यावरून विमानं जात होती, आणि एकाने कधी तोंड उघडलं नव्हतं. भागोजीने खडपावरून हात जोडले आणि सांगितलं, "बा दर्या म्हाराजा, जो कोण आमच्या समोरसून जायत आणि आमका बरां-वायट इचारूचो नाय, तेका थंयच बसवून ठेव." पुढे 'पर्यंत'ने संपणारं काहीतरी होतं, पण तोवर त्याचं त्यालाच हसू आलं आणि ते शेपूट मिशांत अडकलं.

"होय म्हाराजा," बासष्ट माणसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भागोजी धक्क्यावर जाळं विणत बसला होता. समोरून एक कोळशाचं जहाज चाललं होतं, चाळीस घरं मावतील एवढं. त्याने सुई उचलायला मान खाली घातली, वर केली, तर जहाज नव्हतं. बुडणारं जहाज दिसतं, जळणारं दिसतं. हे नुसतं नव्हतं. त्याने उठवलेल्या लाटा मात्र नेहमीप्रमाणे आल्या, धक्क्याला टेकल्या आणि परत गेल्या. भागोजीच्या हातातली सुई तशीच राहिली. दुपारी जेवायला उठला तेव्हा ती हातातच होती.

तिसऱ्या दिवशी दुसरं जहाज गेलं, सहाव्या दिवशी तिसरं. आठव्या दिवशी विमान. विमानाचा आवाज आला तो अर्धाच. उरलेला अर्धा आला नाही. आभाळात पांढरी रेघ होती, ती मास्तरांनी खडू उचलावा तशी मधेच थांबलेली. गाव माना वर करून त्या रेघेच्या टोकाकडे बघत उभं राहिलं. कोंडसुऱ्याच्या होड्या तेवढ्या रोज जात-येत होत्या, कारण धक्क्याजवळून निघताना होडीतला प्रत्येक जण 'काय भागोजी, बरां मा?' म्हणतच होता. हे पोस्टमास्तरांच्या ध्यानात आलं. ते ध्यानात येताच त्यांनी कवळी काढून तपासली आणि पुन्हा बसवली.

मग भागोजीने छाती पुढे काढली. चार दिवस चहाच्या टपरीवर त्याचंच राज्य होतं. बाराव्या दिवशी त्याची बायको नाहीशी झाली.

भामाचं आणि भागोजीचं चैत्रापासून बोलणं नव्हतं. कारण लहानसं होतं, निदान भागोजीच्या मते. भामाची बहीण शेवंती खाडीपलीकडे भाटव्याला राहते. ती दोन वर्षांत फिरकली नाही म्हणून भामा सारखी कुरकुरत असे. तेव्हा बहीण लवकर यावी म्हणून भागोजीने निरोप धाडला, की भामा गेली. शेवंती सतरा माणसं घेऊन तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, रडत आली. दारात भामा बांगडे तळत होती. तिने सतरा जणांना जेवायला घातलं, भांडी घासली, सगळ्यांना तरीपर्यंत पोचवून आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी तेवढी आपटायची. भागोजीला आवाजावरून सगळं कळायचं: टोप आपटला की जेवण तयार, तांब्या आपटला की पाऊस येतोय, वाळवण आत घ्या. त्याच्या दृष्टीने संसार सुरळीत चालला होता.

त्या दिवशी भामा पिशवीत कोकमं घालून बहिणीकडे निघाली. खाडीतली तर चालवणारा इनास फर्नांडिस. त्याच्या होडीत भामा धरून बारा उतारू. धक्क्यावर भागोजी बसलेला. अकरा जणांनी हाक मारली, भागोजीने अकरा वेळा 'बरां' म्हटलं. भामाने पदर सारखा केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

भाटव्याला अकरा माणसं उतरली. बाकावर भामाची पिशवी होती, उभी, बंद बांधलेला. पिशवीने कोणाकडून तोंड फिरवलं नव्हतं.

इनास होडी वल्हवत परत आला तो पिशवी छातीशी धरून. त्याने भागोजीला काय झालं ते सांगितलं. भागोजी आधी हसला, कारण असली गंमत तो स्वतःच करत आला होता. मग त्याने इनासच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो उठून घरी गेला, चुलीपुढे बसला आणि कुठलं तरी भांडं वाजेल म्हणून वाट बघत राहिला. मांजर येऊन त्याच्या शेजारी बसलं, तेही वाट बघायला. अंधार पडायच्या आत दोघांना कळलं, की आज काही वाजणार नाही. शेवंतीला निरोप गेला की भामा नाहीशी झाली. शेवंतीने उलट निरोप पाठवला, की या वेळी मी एकटीसुद्धा येणार नाही.

सतराव्या दिवशी सरकार आलं. बेपत्ता सागरी वाहनांच्या चौकशीसाठी एक अधिकारी नेमला गेला होता, आणि तो अधिकारी म्हणजे श्रीमती वैजयंती काळमेघ, मूळच्या यवतमाळच्या. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला, 'ठीक आहे' म्हणाल्या आणि शाळेच्या वर्गात टेबल मांडलं. त्यांच्याकडे छापील नमुना होता. त्यात प्रकार तीन: जहाज, विमान, इतर. भामा 'इतर'मध्ये गेली. भागोजीने हरकत घेतली. बाईंनी हरकतीची नोंद केली आणि भामाला तिथेच ठेवलं. लांबी विचारली, भागोजीने हाताने उंची दाखवली. ध्वज विचारला, तर हिरवं लुगडं होतं म्हणाला. बाईंनी 'हिरवा' लिहिलं. शेवटची ज्ञात दिशा या रकान्यात त्यांनी 'माहेर' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग बासष्ट जणांचे जबाब झाले. सगळ्यांचा जबाब एकच निघाला, की आपण होय म्हटलं, कशाला म्हटलं ते ऐकलं नाही. बाईंना याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आपल्या खात्यातल्या बैठकाही अशाच होतात, एवढंच त्या म्हणाल्या.

भागोजीने वाक्य आठवेल तेवढं सांगितलं. शेपटावर येऊन अडकला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या, की अपराध विचारपूस न केल्याचा आहे, तेव्हा विचारपूस केली की अपराध संपतो. उशीर झाला असला तरी उशीर माफ करता येतो. तशी तरतूद सगळीकडे असते. त्यांनी बिनतारी यंत्र धक्क्यावर आणवलं आणि रिकाम्या दर्याला उद्देशून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत संदेश सोडला, की जे कोणी समोर असतील त्यांनी कोंडसुरे गावाची विचारपूस करावी.

बराच वेळ नुसती खरखर आली. गाव धक्क्यावर जमलं होतं. मग यंत्रातून एका परक्या माणसाचा घोगरा, दमलेला आवाज आला.

"काय, बरां मा?"

उच्चार इतका अस्सल होता की मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी सवयीने 'बरां' म्हणून टाकलं. आणि कोळशाचं जहाज समोर होतं. येताना दिसलं नाही, वर निघताना दिसलं नाही. होतं. पोस्टमास्तर वाळूत बसले. पाठोपाठ दुसरं, तिसरं आणि थोड्या वेळाने विमान, त्याच्या राहिलेल्या अर्ध्या आवाजासकट. इतका वेळ धीराने उभ्या राहिलेल्या बायका त्या आवाजाला घाबरून पळाल्या. भागोजी हलला नाही. तो धक्क्यासमोरच्या पाण्याकडे बघत होता, जिथून इनासची तर जाते. तिथे पाणीच होतं.

बाईंनी त्याच दिवशी फतवा काढला, की यापुढे या हद्दीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने व विमानाने बिनतारीवरून कोंडसुऱ्याची विचारपूस करावी आणि गावाने तात्काळ उत्तर द्यावं. उत्तर द्यायला आळीपाळीने माणूस बसवला. पहिली पाळी पोस्टमास्तरांची होती. वैमानिकाने 'बरां मा?' विचारलं, आयुष्यात प्रथमच कोणी मनापासून विचारतंय असं पोस्टमास्तरांना वाटलं, आणि त्यांनी कवळीपासून सुरुवात केली. विमान गावावर तीन घिरट्या घालून, हिरडीपर्यंत सगळं ऐकून मग पुढे गेलं. त्यानंतर 'बरां' एवढंच म्हणायचं, अशी पाटी यंत्रावर लावण्यात आली.

बाहेर आलेल्यांचे जबाब शाळेत झाले. कोळशाच्या जहाजाचा कप्तान थोडं हिंदी बोलत होता. त्याने सांगितलं, की त्यांना काही त्रास झाला नाही. बसवून ठेवलं होतं. लांबलचक बाकडी होती, सावली होती, वारा बेताचा होता. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी काम सांगत नव्हतं. तहानभूक लागत नव्हती. विमानातले काही लोक निघताना खट्टूच झाले होते.

भागोजी दारात उभा होता. त्याने विचारलं, की तिथे हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती का.

कप्तानाचा चेहरा खुलला. तो म्हणाला, होती ना, शेवटच्या बाकावर. तिनेच तर सगळ्यांना शिकवलं. संदेश आला तेव्हा काय विचारायचं हे कोणालाच कळत नव्हतं. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच प्रत्येकाकडून दोन शब्द तीन-तीनदा घोकून घेतले. 'मा' जरा लांबवायचा, हेसुद्धा तिनेच सांगितलं. आपले एकवीस खलाशी, दुसरी दोन जहाजं, विमानातली सगळी माणसं, तिने एकेकाला पढवून बाहेर पाठवलं.

काळमेघ बाईंनी विचारलं, की मग ती स्वतः का म्हणाली नाही.

कप्तान म्हणाला, की हे आपणही तिला विचारलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि बाकावर पाय वर घेऊन मांडी घातली.

भागोजीने दाराची चौकट धरली. एकतीस वर्षं त्याने गावाला धक्के दिले होते. उलटा धक्का बसल्यावर तो कुठे लागतो हे त्याला नवं होतं. भामाला अडकवलेलं नव्हतं. दार उघडं होतं, किल्ली तिच्याच तोंडात होती, आणि ती तोंड उघडत नव्हती.

काळमेघ बाईंनी नियम सांगितला. उद्या दुपारी दोनला फाइल बंद होईल. तोवर जे परत येतील ते 'सापडले'. नंतर जे राहतील ते 'स्वेच्छेने अनुपस्थित', आणि स्वेच्छेने अनुपस्थित असलेल्यांना शोधण्याचा अधिकार कोणत्याच खात्याला नाही. पुढे त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं, की तुमचं काय बिनसलं होतं. भागोजीने चैत्रातला निरोप सांगितला. बाईंनी ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही, फक्त चष्मा काढून पुसला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की भागोजीने टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला इनासने होडी काढली. भागोजी पुढे बसला, बाई मागे, मांडीवर नमुना. त्यात 'सापडल्याची वेळ' हा एकच रकाना रिकामा. गाव धक्क्यावर उभं. शेवंतीही पलीकडच्या काठावर आली होती, अजून खात्री नसल्यामुळे होडीत न बसता. जिथे भामाने तोंड वळवलं होतं तिथे इनासने वल्हं थांबवलं. पाणी थाळीसारखं होतं. वर ऊन, खाली तळाची वाळूसुद्धा दिसत होती. कोणाचं काही लपलेलं नव्हतं.

भागोजीने आधी त्याच्या स्वभावाप्रमाणे केलं. पाण्याकडे बघून त्याने सांगितलं, की घराला आग लागली आहे. पाणी हललं नाही. मग सांगितलं, की मांजराला तीन पिल्लं झाली. मांजर बोका होता. इनासने खोकल्यासारखं केलं. मग सांगितलं, की आपल्याला ताप आहे, छातीत दुखतंय, वैद्याने आशा सोडली. बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग भागोजीकडची सगळी सोंगं संपली. तो होडीच्या काठाला धरून वाकला. त्याचा आवाज खडपावरचा नव्हता. इनासलाही कान द्यावा लागला.

"गो भामा," तो म्हणाला, "मी तुका मेली म्हणान सांगलंय, ता चुकला. गम्मत नाय ती. घरात टोप वाजणा नाय. माका मीठ खंय असता तासुद्धा ठावक नाय. तू माका एकदा इचार, बस. इचारलंस काय भायर येशीत. दोन शब्द. रागान इचार, पण इचार."

काही झालं नाही. धक्क्यावर कोणीतरी नाक शिंकरलं. बाईंनी नमुन्यावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

भागोजी खूप वेळ पाण्याकडे बघत राहिला. जी गोष्ट त्याने कोळशाच्या जहाजाकडून मागितली होती, विमानाकडून मागितली होती, ती त्याने आपल्या चुलीसमोरून जाता-येता आजवर कितीदा केली, हे तो बहुधा मोजत असावा. चेहऱ्यावरून तरी आकडा मोठा निघाला नाही. त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"बरां ऱ्हवांदे. मीच इचारतंय," तो म्हणाला. "तू बरी आसस मा?"

तेव्हा पाण्यापासून हातभर वर, जिथे काहीच नव्हतं तिथून, बाकडं करकरल्यासारखा आवाज आला, आणि भामा बोलली. चार महिन्यांनी बोलली, तरी घसा साफ करावा लागला नाही.

"बरी आसंय. सेचाळीस वर्सांत पयल्यांदा माका कोणीतरी बसवल्यान, तासुद्धा तुमी गाऱ्हाणां घातलास म्हणान. आणि आता तुमीच उठवूक इलास?"